वहिनीने बांधलेली चूल

आमच्या घरात पहाटे आधी आईचा खोकला उठायचा आणि मग आई. तो कोरडा, लांबत जाणारा खोकला ऐकला की मी अंथरुणातच ओळखायचे, आता ती मागच्या पडवीत गेली, आता खाली बसली, आता फुंकणी शोधते आहे. मग फुंकणीचा आवाज, लाकूड तडकल्याचा आवाज, आणि थोड्या वेळाने पत्र्याखालून धूर सरपटत आमच्या खोलीत यायचा. मरोळच्या जुन्या गावठाणात एका ख्रिस्ती मालकिणीच्या घराचा खालचा भाग आम्ही भाड्याने घेतला होता. एक खोली आणि मागे पत्र्याची पडवी. मालकीणबाई वर राहायच्या. बाबांची गिरणी बंद पडली आणि आईने पडवीत खानावळ सुरू केली. जवळच्या कारखान्यांतली नऊ माणसं दुपारी जेवायला यायची, सगळी आमच्याच मुलखातली. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुकट, शुक्रवारी बांगड्याचं तिखलं. दुपारचा भोंगा झाला की दहा मिनिटांत ती पाटावर बसलेली असत, आणि त्यांना परत जाण्याची घाई असे. बाबा कारखान्यांबाहेर टाकलेली खोकी आणून त्यांच्या फळ्या फोडायचे. तेच आमचं जळण.

मी चौथी पास झाले आणि घरी राहिले. आईला दोन हात कमी पडत होते, माझे दोन मोकळे होते, इतकंच. मी वाढायला जायची तेव्हा मान खाली असायची. माणसं काही विचारत, मी भाकरी ताटात टाकून पुढे जायची. त्यातले परबकाका तर मला ‘मुकी’ म्हणूनच हाक मारायचे. “मुके, पिठी आण गो,” असं. मला राग येत नसे, उलट बरं वाटे. मुकीला कोणी उत्तर मागत नाही. आमच्याकडे पाहुणे आले तरी मी पडवीत जाऊन बसत असे, आणि आज नातवंडं झाली तरी चार माणसांत माझा आवाज घशाच्या वर येत नाही.

एकाच गोष्टीत माझं नाव होतं, सारवण्यात. तबेल्यातून शेण आणायचं, त्यात माती कालवायची आणि थंड चुलीवरून हात फिरवायचा. माझ्या हाताला कुठे रेघ उठत नसे. बाबा कौतुकाने म्हणायचे, “पोरीने चूल नाही सारवली, आरसा केलाय.” घरात माझ्याबद्दल कोणी काही चांगलं बोलल्याचं मला आठवतं ते एवढंच.

त्या वर्षी आईचे डोळे सुजायला लागले. सकाळी पापण्या चिकटलेल्या असत, कोमट पाण्याने सोडवाव्या लागत. डॉक्टरांनी सांगितलं, धुरापासून लांब राहा. आई घरी येऊन हसली. म्हणाली, “त्येका सांग, नऊ माणसांचा जेवण तूच करून घाल.” गॅससाठी दादाने नंबर लावून ठेवला होता, पण तो कधी येईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. रेशनचं रॉकेल आठवडाभरात संपे. तेव्हा चूल बदलायची, असं बोलणं घरात सुरू झालं.

पहिला प्रयोग दादाने केला. तो एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. तिथून एक लोखंडी पिंप कापून त्याची भुशाची शेगडी घेऊन आला. मध्ये बाटली उभी करायची, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली हलकेच उपसून घ्यायची आणि खालून पेटवायचं. “झकास आहे आई, फुंकणीची गरजच नाही,” असं त्याने तीनदा सांगितलं. आणि खरंच, भात अगदी छान झाला. पण भाकरीला तिचा जाळ वरखाली करता येईना. दुसऱ्या दिवशी पिठी उकळत असताना आतला भुसा एका बाजूने ढासळला, पातेलं कलंडलं आणि नऊ माणसांची पिठी पडवीभर झाली. “वाट लागली,” दादा म्हणाला. आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. शेगडी संध्याकाळी बाहेर गेली.

तेव्हा वहिनी बोलली. दादाचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. शालन वहिनी कणकवलीकडची, सातवी शिकलेली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती बोलायला घाबरत नसे, आणि आईला तेच खुपत असे. ती म्हणाली, “आमच्या गावात तालुक्याहून एक बाई येऊन बिनधुराची चूल बांधायला शिकवून गेली. मी दोन बांधल्यात. एक माझ्या आईकडे, एक शेजारी. धूर पाइपाने वर जातो, घरात राहत नाही.”

आई भाकरी थापतच होती. “मोठी चूल बांधूक इली,” ती म्हणाली. “ह्या घरात चूल मी घातलंय.”

“तुमच्या डोळ्यांसाठी म्हणतेय मी.”

“माझे डोळे माझ्याकडेच रवांदेत.”

पण बाबा मध्ये पडले, दादा पडला, आणि शेवटी आई हो म्हणाली. मात्र हो म्हणताना ती जे बोलली ते सगळ्यांनी ऐकलं. “बांध. पण माझी माणसां उपाशी उठली, तर मी चुलीक विचारूचंय नाय, तुका विचारतलंय.”

दसरा झाल्यावर वहिनीने चूल बांधली. तीन दिवस मी तिच्या हाताखाली होते, आणि ते तीन दिवस माझ्या लहानपणातले फार सुखाचे. आरेकडची लाल माती, भाताचा कोंडा, फुटक्या कौलांचे तुकडे. माती आम्ही पायांनी तुडवली. वहिनी मापं शरीरावर घेत होती. तोंड एक वीत, उंची वीत आणि चार बोटं. चुलीवर दोन आईल, म्हणजे भांडी ठेवायची दोन तोंडं. पुढच्या आईलाखालचा जाळ मातीच्या पोटातल्या भुयारातून मागच्या आईलाखाली जायचा आणि तिथून धूर पाइपात. ते भुयार ती सारखं स्वतःच्या मुठीने तपासत होती. मूठ आत घालायची, बांगड्या मातीला घासून वाजायच्या, आणि ती म्हणायची, “मूठ सुटी फिरली पाहिजे इंदू. चुलीचा जीव इथे असतो.” दादाने सिमेंटचा पाइप आणून पत्र्यातून वर काढला. शेवटी वहिनीने मला समजावलं, “सारवताना फट दिसली की बुजवायची. फटीतून धूर फुटतो.” मी मान हलवली.

पहिल्या दिवशी दूध उतू घातलं. वरून मालकीणबाईंचा आवाज आला, “अगो, तुमचा धूर माझ्या डोक्यावरशी चाललाय!” आणि खाली पडवीत आम्ही एकमेकांची तोंडं स्वच्छ बघत उभे होतो. आई जाळाकडे बघत होती, मग पदराने डोळे पुसले, पण त्यात धुराचं पाणी नव्हतं. वहिनीला ती काही म्हणाली नाही. मात्र त्या दुपारी तिने वहिनीच्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा वाढला.

दोन महिन्यांत आईच्या डोळ्यांची सूज उतरली, खोकला कमी झाला. मी रोज चूल सारवत होते, आणि अशा चुलीला आणखी छान सारवावं असं मला वाटे. बाहेरून तर करायचेच, पण मागच्या आईलातून हात घालून आतही करायचे. जाळाने आत बारीक भेगा पडत. फट बुजवायची असं सांगितलं होतं, तेव्हा मी बुजवत होते.

संक्रांतीच्या आसपास धूर परत आला. आधी थोडा, चूल पेटताना. मग पुढच्या तोंडातून भसकन बाहेर, भांडं उचललं की डोळ्यांवर. बाबा म्हणाले, लाकूड ओलं आहे. त्यांनी दोन दिवस फळ्या पत्र्यावर वाळवल्या. धूर तसाच. दादा म्हणाला, पाइप तुंबला. तो वर चढला, काठीला गोणपाट बांधून पाइप झाडला. टोपलीभर काजळी निघाली, ती मालकीणबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेली, आणि त्यावरून अर्धा तास भांडण झालं. धूर तसाच. मग दोघंही म्हणाले, वारा उलटा आहे, पाइप उंच करा. रविवारी पाइप हातभर वाढवला, वर पत्र्याची टोपी बसवली. सोमवारी आईने चूल पेटवली आणि पडवीत समोरचं माणूस दिसेना.

“आज धुरीची पिठी काय?” परबकाका ताटावरून आईला म्हणाले. बाकीचे हसले. भाकरी अर्धी कच्ची होती. त्या आठवड्यात दोन माणसं यायची बंद झाली.

वहिनी रोज म्हणत होती, “मला एकदा चूल बघू द्या. आत काहीतरी झालंय.” पण आईने तिला चुलीजवळून उठवलं होतं. “तू आता चुलीकडे येव नको. तुझो हात लागलो तोच पुरे झालो.” पुढे शब्द आला तो पायगुण. दादाचं लग्न झालं आणि घरात काय काय झालं त्याची यादी आई भाकरी थापता थापता म्हणायची, एका भाकरीला एक गोष्ट. वहिनी खोलीत बसून सगळं ऐकत असे. दादा काही बोलत नसे. आज मला वाटतं, त्याचं न बोलणं आणि माझं न बोलणं यात फरक नव्हता. पण लोक मला लाजरी म्हणत आणि त्याला शहाणा.

त्याच सोमवारी संध्याकाळी आईने सांगितलं, वहिनीला काही दिवस माहेरी धाडायचं. गुरुवारच्या दुपारच्या एसटीने. समोरच्या घरातली सून अशीच चार दिवसांसाठी गेली होती, तिला तीन वर्षांत कोणी आणलं नव्हतं. वहिनीला ते ठाऊक होतं. ती आईला म्हणाली, “चूल दुरुस्त झाली तरी?”

“तू गेलस काय होतली दुरुस्त,” आई म्हणाली.

मंगळवारी दुपारी आई अंगणात भांडी घासत होती. चुलीत उरलेली दोन लाकडं धुमसत होती आणि पडवी धुराने भरली होती. वरून मालकीणबाईंनी विचारलं, “अगो, चूल पेटलीय का विझलीय? तुमच्या पायपातून तर काडीभर धूर नाय.” आईने लक्ष दिलं नाही. मी मात्र तिथेच थांबले. इथे एवढा धूर, आणि पाइपात काहीच नाही? म्हणजे धूर पाइपापर्यंत पोचतच नव्हता. मी लाकडं बाहेर ओढून विझवली, चूल निवेपर्यंत बसून राहिले, मग मागच्या आईलातून हात आत घातला. भुयारात मूठ जाईना. बोटं सरळ केली तेव्हा तीन गेली, अंगठा बाहेर राहिला. आत माती अगदी गुळगुळीत होती. तो गुळगुळीतपणा कोणाच्या हाताचा ते मला बघावं लागलं नाही.

मला वाटलं होतं, मी लगेच ओरडेन. मी हात धुतले आणि तांदूळ निवडायला बसले. संध्याकाळी वहिनी माझ्या शेजारी बसली होती, तेव्हाही मी निवडत होते. मनात एकच वाक्य फिरत होतं, ते तोंडाशी आलं की आईचा चेहरा दिसायचा, आणि बाबा पुन्हा कधी ‘आरसा’ म्हणणार नाहीत हेही दिसायचं. हे लिहायला मला अजून लाज वाटते, पण तसंच होतं.

मग मी स्वतःची समजूत काढली. सांगायची काय गरज? भुयार मोकळं करून ठेवावं. धूर गेला की भांडणच गेलं. बुधवारी दुपारी आई बाजारात गेली, वहिनी खोलीत होती. मी उलथन्याने आतले थर खरवडले. पापुद्रे निघत होते, एकाखाली एक, जळून विटेसारखे झालेले. घमेलंभर माती निघाली. ती मी अंगणातल्या फणसाखाली नेऊन टाकली. मूठ आत सुटी फिरली. इतकं हलकं वाटलं की मी स्वतःशीच हसले.

संध्याकाळी आईने चूल पेटवली. धूर सरळ पाइपात गेला. आई क्षणभर थबकली. फुंकणी खाली ठेवली, उठून बाहेर जाऊन वर पाहून आली. मला वाटलं, आता वहिनीला हाक मारील. ती बाबांना म्हणाली, “बघितलास? ती जाऊची ठरली आणि चूल सुदारली.”

माझ्या हातातली परात खाली पडली. आईला वाटलं हात निसटला. ती नेहमीसारखं ओरडली, आणि मी परात उचलली.

गुरुवारी दुपारी भोंगा झाला, माणसं आली. सात पाट. वहिनीची ट्रंक खोलीच्या दारात बांधून तयार होती आणि ती तिच्याशेजारी प्रवासाची साडी नेसून बसली होती. दादा अर्धी रजा टाकून आला होता. पुढच्या आईलावर तवा, मागच्यावर पिठी. मी परातीपाशी पीठ मळत होते, आई भाकरी थापत होती. पडवी स्वच्छ.

“आज धूर खय गेलो?” परबकाका म्हणाले. “जादू केलास काय?”

“जेच्यापायी धूर इलो होतो,” आई म्हणाली, “ता आज जाता गावाक.”

सगळ्यांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. वहिनीने मान खाली घातली. तिची मान खाली गेलेली मी तोवर पाहिली नव्हती. ती माझी बसण्याची पद्धत होती, तिची नव्हती.

मी फडक्याने पिठीचं पातेलं उचलून खाली ठेवलं. परातीतला मळलेल्या पिठाचा मोठा गोळा घेतला आणि मागच्या आईलातून भुयारात कोंबला. हात भाजला. आई ओरडली, “अगो, पीठ! खुळी झालस काय?” तोवर धूर पुढच्या तोंडातून उसळला, तव्याच्या कडेने वर आला, माणसं ताटं घेऊन मागे सरकली, कोणी खोकायला लागलं. दादा “अरे काय चाललंय” म्हणत आत आला. त्या धुरात मला कोणाचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बहुतेक मला बोलता आलं.

“असंच झालं होतं,” मी म्हणाले. “मी रोज आतून सारवत होते. भेगा बुजवत होते. भोक बुजलं. काल मी खरवडून काढलं म्हणून धूर गेला. वहिनीची चूल बरोबर होती.”

 मग परबकाका खोकत म्हणाले, “मुकी बोलली रे!” आणि कोणीच हसलं नाही.

आईने चिमटा घेतला. वाकून तो गोळा ओढून काढला. एका बाजूने पांढरा, एका बाजूने काळा झालेला. तो तिने जमिनीवर माझ्यासमोर ठेवला. धूर मागे ओढला गेला, पाइपात शिरला, आणि हळूहळू सगळ्यांचे चेहरे परत आले. आई मला मारेल असं मला वाटत होतं. ती चुलीच्या तोंडाकडे बघत होती. तव्यावरची भाकरी करपली होती, तीही तिने काढली नाही.

“आई, गाडीला उशीर...” दादाने सुरुवात केली.

“चुकांदे गाडी,” आई म्हणाली. मग मान न वळवता तिने हाक मारली, “शालन, इकडे ये. भाकऱ्या थाप. माझ्या डोळ्यांत धूर गेलो.”

वहिनी लगेच आली नाही. सात माणसं तिच्याकडे बघत होती. शेवटी ती उठली, पदर खोचला, आईने सोडलेल्या जागी बसली आणि उरलेलं पीठ जवळ ओढलं. त्या दिवशी माणसांना दीड दीड भाकरीच मिळाली. कोणी आणखी मागितली नाही.

माणसं गेली, आई अंगणात तोंड धुवायला गेली. मी वहिनीच्या मागे खोलीच्या दारापर्यंत गेले. मला वाटत होतं, ती आता मला जवळ घेईल. ती ट्रंकेची दोरी सोडत होती.

“कधी कळलं तुला?” तिने विचारलं.

मला काल म्हणता आलं असतं. “मंगळवारी दुपारी,” मी म्हणाले.

तिचे हात थांबले. “म्हणजे काल मी ट्रंक भरत होते,” ती सावकाश म्हणाली, “आणि तू माझ्या साड्यांना घड्या घालून देत होतीस, तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

तिने ट्रंक उघडून वरची साडी काढली आणि दोरीवर टाकायला झटकली. खोली लहान, साडी नऊवारीएवढी लांब, दुसरं टोक माझ्या पायाशी येऊन पडलं. एरवी ते उचलून मी तिच्याकडे दिलं असतं. मी खाली वाकलेसुद्धा. तिने ते टोक माझ्या हाताखालून ओढून घेतलं आणि एकटीच ती साडी दोरीवर चढवायला लागली.